थंड इंजिनाचे अर्थशास्त्र

थंडीच्या दिवसांत निफाडला किंवा नागपूरला सकाळी साडेसहाच्या सुमारास कोणत्याही वसाहतीच्या फाटकाशी उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. गाडी चालू असते, मागच्या नळीतून पांढरी वाफ निघत असते आणि मालक वर घरात चहा घेत असतो. इंजिन 'गरम होऊ द्यावे लागते' ही समजूत वडिलांकडून मुलाकडे आलेली असते आणि तिच्याविषयी शंका घेणे हे गाडीविषयीचे अज्ञान समजले जाते. पारा ६ अंशांवर असो वा १६ अंशांवर, पाच-दहा मिनिटांचा हा विधी चुकत नाही.

या प्रथेचे खरे घर अर्थात महाराष्ट्र नव्हे. उणे २० किंवा उणे ३० अंशांत ज्यांना रोज कामावर जावे लागते, त्या फिनलंड, नॉर्वे, कॅनडा, अलास्का यांसारख्या प्रदेशांत 'गाडी आधी तापवावी की नाही' हा घरखर्चाचा, आरोग्याचा आणि कधीकधी जीविताचाही प्रश्न आहे. भारतापुरते बोलायचे तर तो लेह, कारगिल, द्रास येथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. म्हणून तेथील अनुभव पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा निवाडा करणे योग्य होणार नाही.

प्रथम ही समजूत आली कोठून ते पाहू. कार्ब्युरेटरच्या काळात ती समजूत नव्हती, गरज होती. पेट्रोल थंडीत नीट वायुरूप होत नाही. सिलिंडरमध्ये ज्वलनासाठी पुरेशी वाफ मिळावी म्हणून हवेच्या मानाने जास्त पेट्रोल द्यावे लागते. ज्यांनी अँबॅसिडर वा प्रीमिअर पद्मिनी चालवली आहे त्यांना चोकची ती मूठ आठवत असेल. ती ओढायची, सेल्फ मारायचा, इंजिन धडधडू लागले की हळूहळू आत ढकलायची. घाई केली तर गाडी चौकात बंद पडे. पुढे इंधन फवारणीचे नियंत्रण संवेदकांच्या हाती गेले. युरोप-अमेरिकेत हे स्थित्यंतर १९८०च्या दशकात व त्यानंतर झाले, आपल्याकडे साधारण २००० सालाच्या आगेमागे. इंजिनाचे तापमान किती, त्यानुसार पेट्रोल किती द्यायचे, हे आता यंत्रच क्षणोक्षणी ठरवते. गरज संपली, विधी मात्र उरला. अर्थव्यवहारात अशी उदाहरणे कमी नाहीत. ज्या कारणासाठी एखादा खर्च सुरू झाला ते कारण नाहीसे झाल्यावरही तो खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो, कारण त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

हा हिशेब मांडता येतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार जागेवर उभ्या गाडीचे चालू इंजिन, त्याच्या आकारमानानुसार, तासाला पाव ते अर्धा गॅलन, म्हणजे साधारण १ ते २ लिटर इंधन जाळते. रोज सकाळी १५ मिनिटे इंजिन चालू ठेवणारा गृहस्थ पाव ते अर्धा लिटर पेट्रोल एकही मीटर अंतर न कापता खर्च करतो. थंडीचे १२० दिवस धरले तर ३० ते ६० लिटर. आणि एवढे करून त्याला काय मिळते? इंजिनावर भार नसल्यामुळे ते फार सावकाश तापते. तेच इंजिन अर्ध्या मिनिटानंतर सौम्य वेगाने रस्त्यावर काढले तर कितीतरी लवकर योग्य तापमानाला येते. शिवाय गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. गिअरबॉक्समधील वंगण, चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस आणि टायर ही सारी गाडी चालल्यानेच गरम होतात. उभी ठेवून ती थंडच राहतात. दरम्यान जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली इंजिन ऑईलमध्ये मिसळत असते आणि ऑईल पातळ करत असते. म्हणजे इंजिनाच्या काळजीपोटी जे केले जाते त्याने इंजिनाचे थोडे नुकसानच होते. अर्ध्या मिनिटात ऑईल सर्वत्र पोहोचले की निघावे आणि पहिले काही किलोमीटर दामटू नये, एवढाच सल्ला बहुतेक कारखानदार आज देतात.

येथे एक अपवाद नमूद केला पाहिजे, नाहीतर एस.टी.च्या चालकांवर अन्याय होईल. पहाटे आगारात बस दहा-दहा मिनिटे घुरघुरत उभी दिसते, ती नेहमी उधळपट्टी नसते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या टाक्या रात्रभरात रिकाम्या झालेल्या असतात. इंजिन चालवून दाब भरल्याशिवाय बस हलवणे धोक्याचे असते. परंतु ही सबब मोटारमालकाला उपलब्ध नाही.

मग आधी तापवणे सर्वस्वी व्यर्थ समजावे काय? तसेही नाही. थंड गाडी इंधन अधिक खाते हे निर्विवाद आहे. अमेरिकी खात्याच्याच आकड्यांप्रमाणे उणे ७ अंशांत शहरातील पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज २५ अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि पाच-सहा किलोमीटरच्या लहान फेरीत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. ऑईल काकवीसारखे घट्ट होते. शिशाच्या बॅटरीची ताकद उणे १८ अंशांत सुमारे निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला अधिक ताकद लागते. तेव्हा इंजिन आधी उबदार असणे फायद्याचे आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ही ऊब कोठून आणायची आणि किती आणायची याचा.

याचे एक उत्तर अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात सापडले. ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन याने इंजिनात बसवता येईल असा लहानसा विजेचा तापक तयार केला आणि १९४९ साली त्याचे पेटंट मिळवले. ब्लॉक हीटर या नावाने तीच कल्पना पुढे सर्व थंड देशांत पसरली. तिचे स्वरूप साधे आहे. पाणी तापवायच्या कॉईलचीच ही एक जात. ती इंजिनातील शीतकाला ऊब देते आणि तिची वायर बॉनेटखालून बाहेर येते. मॅनिटोबात किंवा अलास्कात गाडीच्या तोंडाशी लोंबणारा प्लग पाहून परका माणूस ती विजेची गाडी समजतो, ते यामुळेच. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या मते उणे २० अंशांत या साधनाने एकूण इंधनखर्चात १० टक्क्यांपर्यंत आणि उणे २५ अंशांतील एखाद्या लहान फेरीत २५ टक्क्यांच्या घरात बचत होऊ शकते.

२५ टक्के हा आकडा मोहक आहे. परंतु तो कशाचे २५ टक्के, हे विचारलेच पाहिजे. समजा, उणे २५ अंशांत पाच किलोमीटरच्या फेरीला थंड गाडी ०.६ लिटर पेट्रोल घेते. त्याचे २५ टक्के म्हणजे ०.१५ लिटर. उलटपक्षी ६०० वॅटचा तापक दोन तास चालवला तर १.२ युनिट वीज लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. म्हणजे वाचलेल्या पेट्रोलातील उष्णता सुमारे १.३५ युनिट भरते. दिलेली वीज आणि वाचलेले इंधन यांच्यात उष्णतेच्या हिशेबाने फारसा फरकच नाही. वीज कोळशाची असेल तर निर्मितीतच दोन-तृतीयांश उष्णता वाया गेलेली असते, तेव्हा देशाच्या दृष्टीने तो तोट्याचा सौदा ठरू शकतो. नॉर्वेसारखी जवळपास सारी वीज पाण्यापासून होत असेल तर तोच सौदा फायद्याचा. थोडक्यात, केवळ इंधनबचतीच्या आधारावर ब्लॉक हीटरचे समर्थन डळमळीत आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी मान्य केलेले बरे.

परंतु तुलना कोणाशी, हा प्रश्न उरतोच. ज्याच्यापुढे 'तापक लावणे' आणि 'तसेच निघणे' असे दोनच पर्याय आहेत, त्याची बचत मामुली आहे. पण बहुसंख्य माणसे उणे २० अंशांत तशीच निघत नाहीत. ती पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवतात. त्यांच्या बाबतीत तापकामुळे वाचणारे इंधन ०.१५ लिटर नसून त्यात जागेवर जळणारे पाव ते अर्धा लिटरही मिळवावे लागते, आणि मग तराजू एकदम झुकतो. धोरण आखताना माणसांनी काय करायला हवे होते याच्याशी तुलना करून भागत नाही, ती प्रत्यक्षात काय करतात याच्याशी करावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. इंजिन पहिल्या तासात झपाट्याने तापते. नंतर ते जेवढी उष्णता घेते तेवढीच भोवतालच्या थंडीला देऊन टाकते आणि तापमान स्थिरावते. घटत्या सीमान्त फलाचा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. रात्री नऊला प्लग लावून सकाळी सातला काढणारा माणूस १.२ ऐवजी ६ युनिट खर्च करतो आणि त्याच्या बदल्यात जवळजवळ काहीच अधिक मिळवत नाही. हिवाळाभरात १४४ युनिटांच्या जागी ७२० युनिट! म्हणूनच फिनलंडमधील वाहनतळांवर उभ्या असलेल्या विजेच्या खांबांना वेळ लावण्याचे घड्याळ असते आणि थंडीच्या मानाने अर्ध्या तासापासून फार तर तीन तासांपर्यंत ते लावावे, असा तेथील शिरस्ता आहे. अशा खांबाचे भाडे दरमहा ठरावीक रकमेने घेतले जात असेल, तर जादा युनिटाची झळ वापरणाऱ्याला बसत नाही. मग काटकसरीचा उपदेश कितीही केला तरी प्लग रात्रभर लागलेलाच राहणार. उपदेशाचे काम तेथे घड्याळ करते.

आतापर्यंतचा विचार मालकाच्या खिशापुरता झाला. प्रश्नाची खरी गंभीर बाजू मात्र त्या खिशाबाहेर आहे. आधुनिक गाडीतील उत्प्रेरक परिवर्तक सुमारे २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय काम करू लागत नाही. तोपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन जवळपास तसेच बाहेर पडतात. म्हणून एखाद्या फेरीतील या प्रदूषणाचा मोठा भाग पहिल्या एक-दोन मिनिटांतच होतो. जागेवर घुरघुरणाऱ्या इंजिनाचा धूर पुरेसा गरम नसल्याने ही मिनिटे लांबतात. ही किंमत मालक देत नाही. ती शेजारच्या खिडकीतील दमेकरी म्हातारा देतो. अलास्कातील फेअरबँक्स गाव दरीत वसलेले आहे. हिवाळ्यात तेथे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली झाकणासारखी कोंडली जाते आणि गाड्यांचा धूर तिच्यातच साठतो. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण तेथे संघीय मर्यादेच्या वर जात असे. मोठ्या वाहनतळांवर कडाक्याच्या थंडीत प्लगना वीज पुरवण्याचे बंधन स्थानिक प्रशासनाने घातले ते याच कारणासाठी. पेट्रोल वाचवणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. अधिक स्वच्छ नव्या गाड्या, गाड्यांची तपासणी आणि असे उपाय यांच्या एकत्रित परिणामाने २००४ साली ते गाव त्या यादीतून बाहेर आले. ब्लॉक हीटरचे जे समर्थन खिशाच्या हिशेबात डळमळते ते येथे भक्कम होते.

युरोपातील काही देशांनी दुसरी बाजू कायद्याने धरली आहे. फिनलंडमध्ये इंजिन विनाकारण दोन मिनिटांहून अधिक चालू ठेवता येत नाही. उणे १५ अंशांखाली निघण्यापूर्वी ही सवलत चार मिनिटांची होते. जर्मनीत अशा वर्तनासाठी २०२१ पासून ८० युरोपर्यंत दंड आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातही चालू गाडी सोडून जाण्यास बंदी आहे, मात्र तिचे कारण धूर नसून चोर आहेत. किल्ली लावलेली, तापवून तयार ठेवलेली गाडी चोराला याहून अधिक सोयीची ती कोणती?

आणि जीविताची बाब. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फाच्या वादळात शेकडो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मरण पावली. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवले, बर्फाने धुराची नळी बुजली आणि विषारी वायू आत शिरला, असे त्यांतील अनेकांच्या बाबतीत तेव्हा सांगण्यात आले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोप यावी तसा मृत्यू येतो. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवणाऱ्यांचेही असेच बळी थंड देशांत जातात. हिमाचल-काश्मीरला बर्फ पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. रात्र गाडीत काढण्याची वेळ आलीच तर आधी बाहेर उतरून नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडा वेळच चालवावे, काच थोडी उघडी ठेवावी.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत निवाडा वेगळा होतो, आणि तो निःसंदिग्ध आहे. तेलाच्या इंजिनातून ऊब फुकट मिळते, कारण इंधनातील बरीचशी शक्ती उष्णता म्हणून वायाच जात असते. विजेच्या गाडीत वाया जाणारे फार थोडे. प्रवाशांना ऊब द्यायची तर ती बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्यांवर घेतलेल्या चाचणीत उणे ७ अंशांना तापकाविना गाडीचा पल्ला १२ टक्क्यांनी घटला, तापक लावताच ४१ टक्क्यांनी. तेव्हा गाडी प्लगला जोडलेली असतानाच आतील भाग व बॅटरी तापवून घेतली तर तो भार बॅटरीऐवजी वीजवाहिनीवर पडतो आणि पल्ला वाचतो. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. तेथे सकाळी निघण्यापूर्वी गाडी तापवणे ही चैन नाही, व्यवहार आहे, आणि दारात धूर नसल्याने शेजाऱ्याचीही तक्रार नाही.

या साऱ्याचा भारताच्या दृष्टीने उपयोग असेल तर तो लडाखमध्ये. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा उणे १५ अंशांच्या खाली उतरतो, द्रासला त्याहून खाली. मैदानी प्रदेशात मिळणारे डिझेल, भारतीय मानकाप्रमाणे, हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत प्रवाही राहिले तरी चालते. अशा डिझेलातील मेण उणे १५ अंशांत गोठून गाळणी बंद करते. वर्षानुवर्षे तेथील चालकांनी यावर जे उपाय केले ते ऐकून अंगावर काटा येतो: डिझेलात रॉकेल मिसळणे, टाकीखाली वा इंजिनाच्या चेंबरखाली शेगडी पेटवणे आणि काहीच जमले नाही तर रात्रभर इंजिन चालू ठेवणे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे, पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हिवाळी डिझेल लडाखमध्ये आणले. निम्मा प्रश्न त्याने सुटला. इंधन गोठत नाही; इंजिन, ऑईल आणि बॅटरी मात्र गोठतातच.

उरलेला निम्मा सोडवण्याचे साधनही तेथे त्याच वर्षी पोहोचले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह ही ३३५ किलोमीटरची वीजवाहिनी राष्ट्राला अर्पण झाली आणि लडाख प्रथमच देशाच्या वीजजाळ्याला जोडले गेले. त्यापूर्वी डिझेलच्या जनित्रांवर वीज करून तिने डिझेलचे इंजिन तापवणे हा विनोद झाला असता. आता तो राहिलेला नाही. लेहचा टॅक्सीतळ, कारगिलचे ट्रकतळ, रुग्णालयांची आवारे या ठिकाणी मीटर आणि घड्याळ असलेले विजेचे खांब उभारणे, रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्यांना ब्लॉक हीटर सक्तीचे करणे आणि खाजगी टॅक्सीवाल्याला तो बसवण्यासाठी एकदाच अनुदान देणे, एवढी ही योजना आहे. रात्रभर म्हणजे दहा तास ट्रकचे इंजिन चालू ठेवण्यात जाणारे डिझेल आणि पहाटे दोन-तीन तास चालणारा तापक यांची तुलना करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते आणि लडाखला जाणारा प्रत्येक लिटर टँकरने घाट चढून जातो, हे लक्षात घेतले तर त्या लिटरची खरी किंमत पंपावरच्या आकड्याहून पुष्कळ अधिक आहे.

अडचण पैशाची नसून जबाबदारीची आहे. खांब वीज खात्याने उभारायचे, की नगरपालिकेने, की वाहतूक खात्याने? मीटरचे पैसे टॅक्सी संघटनेने भरायचे की प्रत्येक चालकाने आपल्या वापराप्रमाणे? फिनलंडचा अनुभव पाहता दरमहा ठरावीक भाड्याची पद्धत टाळून प्रत्यक्ष युनिटांप्रमाणे आकारणी करावी, आणि तीन तासांनंतर वीज आपोआप तुटेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवसापासून ठेवावी. लडाखच्या प्रशासनाने येत्या हिवाळ्यापूर्वी एका टॅक्सीतळावर जरी हा प्रयोग केला, तरी किती डिझेल वाचले आणि किती युनिट लागले याचे आकडे मार्चपर्यंत हाती येतील.